उशिरा आलेल्या बटणाचा आवाज : एका क्लिकचा इतिहास

१/
पडद्यावर दोन बटणे शेजारी शेजारी आहेत. रंग, आकार, अक्षरे सारी एकसारखी. पहिले दाबले की काम होते; दुसरे दाबले की काहीच घडत नाही, चुकीचा संदेशही उमटत नाही. फरक इतकाच, की दुसरे बटण पान उघडून झाल्यानंतर जन्माला आले आहे. अशा उशिरा आलेल्यांचे म्हणणे ऐकले जाऊ लागले ते कसे, याचा हा धागा. तो १९९५ पासून सुरू होतो, नागपूरच्या हुडकेश्वरात थोडा थांबतो आणि मराठी विकिपीडियापाशी पोहोचतो.

२/
१९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी वेब जगासमोर मांडले, तेव्हा वेबपान म्हणजे केवळ दस्तऐवज होता. वाचायचा, दुव्यावर क्लिक करायचे आणि पुढच्या दस्तऐवजाकडे जायचे. पानाला स्वतःची हालचाल नव्हती. क्लिक झाले, तर काय करायचे हे ब्राउझर ठरवी. पान लिहिणाऱ्याच्या हाती काही नव्हते.

३/
१९९५ हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवावे. त्या वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेतील नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या १० दिवसांत एका नव्या भाषेचा पहिला नमुना तयार केला. ४ डिसेंबरला ती ‘जावास्क्रिप्ट’ या नावाने जाहीर झाली. पानाला आता क्लिक ऐकू येणार होते.

४/
सुरुवातीचे ऐकणे अगदी साधे होते. ज्या बटणाचे ऐकायचे, त्याच्याच अंगावर सूचना लिहून ठेवायची : ‘तुला कोणी दाबले, तर हे कर’. बटणे पाच असतील, तर सूचनाही पाच. पान एकदा आले की बदलत नसे, म्हणून ही पद्धत पुरेशी होती. ऐकणाऱ्या या सूचनेला आपण पुढे ‘श्रोता’ म्हणू.

५/
लवकरच एक जुना प्रशासकीय प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. वेबपान वंशवृक्षासारखे रचलेले असते : बटण परिच्छेदाच्या पोटात, परिच्छेद विभागाच्या पोटात, विभाग संपूर्ण दस्तऐवजाच्या पोटात. बटणावर क्लिक झाले की ते एका अर्थी या सर्वांवरच होते. मग आधी कोणी ऐकायचे? सर्वांत वरच्याने की सर्वांत आतल्याने?

६/
१९९७ मध्ये या प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे आली. नेटस्केप ४ चे म्हणणे : घटना वरून खाली उतरेल, आधी दस्तऐवज ऐकेल आणि शेवटी बटण. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ४ चे म्हणणे नेमके उलट : आधी बटण ऐकेल, मग पाण्यातला बुडबुडा वर यावा तशी घटना एकेक पायरी चढत दस्तऐवजापर्यंत जाईल. या दुसऱ्या रीतीला ‘बबलिंग’ हे नाव पडले. ब्राउझर-युद्धाचे ते दिवस होते. एकाच पानासाठी दोन वेगळे कायदे पाळावे लागत.

७/
तह झाला तो १३ नोव्हेंबर २००० रोजी. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने दोन्ही पक्षांना जागा दिली. घटना आधी वरून खाली उतरेल, लक्ष्याला भिडेल आणि मग पुन्हा वर चढेल. श्रोत्याने उतरत्या वाटेवर बसायचे की चढत्या, ते लिहिणाऱ्याने ठरवावे. तहाची कलमे मात्र सर्वांनी लगेच पाळली नाहीत. इंटरनेट एक्सप्लोररने श्रोता नेमण्याची ही प्रमाण पद्धत स्वीकारली ती थेट २०११ मध्ये, नवव्या आवृत्तीत.

८/
वर चढणाऱ्या या बुडबुड्याचे खरे मोल तेव्हा फारसे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. ते ध्यानात आले, जेव्हा पाने स्वतःच वाढू लागली. १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये पान न बदलता सर्व्हरकडून माहिती मागवण्याची सोय आली. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आणि फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स आले. त्याच फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट यांनी या साऱ्या तंत्राला ‘एजॅक्स’ असे नाव दिले. पान उघडे असतानाच त्यात नव्या ओळी, नवी बटणे, नव्या चौकटी उगवू लागल्या.

९/
इथे जुनी पद्धत फसली. पान उघडताच आज्ञावली एकदा फिरून येई, समोर असलेल्या प्रत्येक बटणाला श्रोता जोडी आणि विसावे. ही त्या क्षणाची शिरगणती होती. शिरगणती आटोपल्यावर जन्मलेल्या बटणाचे नाव कोणत्याच यादीत नसे. ते दिसे आणि दाबलेही जाई, पण त्याचे ऐकायला कोणी नसे.

१०/
आता हुडकेश्वरात थांबू. नागपूरच्या दक्षिणेकडील हा जुना मौजा. शहर पसरत गेले, तसे अशा मौजांतील शेतांचे ले-आउट झाले, ले-आउटांचे प्लॉट झाले आणि प्लॉटवर घरे उभी राहिली. विनापरवाना पाडलेले असे भूखंड नियमित करण्यासाठी महाराष्ट्राने २००१ मध्ये गुंठेवारी कायदा केला. त्याची सीमारेषा १ जानेवारी २००१ ही होती. त्या तारखेपर्यंतचे भूखंड आत, नंतरचे बाहेर. पुढे २०२१ मध्ये दुरुस्ती करून ही रेषा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत सरकवावी लागली.

११/
तारखेला बांधलेल्या यादीचा हा स्वभावच आहे. यादी पूर्ण होते त्याच दिवसापासून ती जुनी होऊ लागते. कायद्याला तारीख लागते, त्याची कारणे निराळी आहेत. पण २००५ नंतरच्या वेब-लेखकांपुढचा पेच नेमका याच घडणीचा होता : तारखेनंतर आलेल्यांचे काय करायचे?

१२/
पहिला उपाय म्हणजे पुन्हा शिरगणती. नवी ओळ आली की सगळ्या बटणांना पुन्हा श्रोते जोडायचे. त्यातून नवीच आपत्ती ओढवे. जुन्या बटणांना दोन-दोन श्रोते बसत आणि एका क्लिकवर तीच नोंद दोनदा होई. शिवाय हजार ओळींच्या तक्त्याला हजार श्रोते, आणि त्या काळच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये काढून टाकलेल्या घटकांची स्मृतीही नीट मोकळी होत नसे. पान तासभर उघडे राहिले की संगणक रडतखडत चाले.

१३/
दुसरा उपाय बबलिंगच्या पोटातच दडलेला होता. प्रत्येक क्लिक अखेर वर चढतेच, तर बटणांवर पहारे बसवण्याऐवजी वरच्या वाटेवर एकच श्रोता बसवावा. क्लिक त्याच्यापर्यंत पोहोचले की त्याने विचारावे, ‘तू मुळात कोठून निघालास?’ उगमस्थान हवे तसे असेल तर काम करावे, नसेल तर जाऊ द्यावे. या पद्धतीचे नाव ‘इव्हेंट डेलिगेशन’. ऐकण्याचे काम लेकराने आपल्या पूर्वजाकडे सोपवले, असा त्याचा अर्थ.

१४/
पोस्टमन आठवा. त्याची नेमणूक घरांच्या यादीवर नसते, बीटवर असते. हुडकेश्वर रोडलगतच्या एखाद्या ले-आउटमध्ये काल नवे घर झाले, तर त्या घरासाठी नवा पोस्टमन नेमत नाहीत. घर बीटच्या हद्दीत आहे, एवढे पुरते. डेलिगेशनचे मर्म हेच आहे. नेमणूक व्यक्तीवर नको, प्रदेशावर हवी. म्हणजे उद्या येणाऱ्यालाही आजच जागा मिळते.

१५/
ही युक्ती घरोघरी पोहोचवली ती ‘जेक्वेरी’ने. जॉन रेसिग यांनी २००६ मध्ये आणलेल्या या ग्रंथालयाने ब्राउझरांचे वेगवेगळे कायदे एका सोप्या बोलीखाली झाकले. जानेवारी २००९ च्या १.३ या आवृत्तीत ‘लाइव्ह’ नावाची आज्ञा आली. तिचे वचन मोठे होते : आज असलेली आणि पुढे कधीही येणारी, अशी सगळी बटणे ऐकली जातील.

१६/
पण ‘लाइव्ह’ने श्रोता बसवला तो थेट शिखरावर, दस्तऐवजाच्या टोकाला. म्हणजे गल्लीतली प्रत्येक तक्रार मुख्यालयात. क्लिकला फार लांब चढावे लागे, आणि वाटेत कोणी ‘पुढे जाऊ नकोस’ म्हणून अडवले तर ते पोहोचतच नसे. म्हणून २०१० मध्ये ‘डेलिगेट’ आले. त्यात श्रोत्याची जागा लेखक ठरवी. नोव्हेंबर २०११ मध्ये १.७ या आवृत्तीत सारे ‘ऑन’ या एकाच आज्ञेत सामावले, आणि जानेवारी २०१३ मध्ये १.९ ने ‘लाइव्ह’ला निरोप दिला.

१७/
शिखराचा मोह पुढच्या पिढीलाही सुटला नव्हता. २०१३ मध्ये फेसबुकने खुले केलेले ‘रिअ‍ॅक्ट’ बहुतेक घटना दस्तऐवजाच्या टोकावरच ऐके. एकाच पानावर रिअ‍ॅक्टच्या दोन आवृत्त्या नांदू लागल्या की त्यांचे खटके उडत. अखेर ऑक्टोबर २०२० च्या सतराव्या आवृत्तीत श्रोता खाली उतरला आणि ज्या चौकटीत रिअ‍ॅक्टचे राज्य, त्या चौकटीच्या मुळाशी बसला. सात वर्षांनी तोच धडा : श्रोता स्थिर जागी असावा, पण गरजेपेक्षा उंच नसावा.

१८/
या साऱ्याचा मराठीशी काय संबंध? थेट आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. त्यावर लिहायचे, तर देवनागरी टंकनाची सोय हवी, आणि प्रत्येकाच्या संगणकावर ती असतेच असे नाही. म्हणून विकिमीडियाने ती ब्राउझरातच आणली. आधी ‘नारायम’ हे विस्तारक होते. २०१३ मध्ये त्याची जागा ‘जेक्वेरी आयएमई’ने घेतली. अक्षरांतरण किंवा इनस्क्रिप्ट निवडावे आणि समोरच्या चौकटीत मराठी लिहावे.

१९/
पण कोणत्या चौकटीत? संपादनाची मोठी चौकट पानाबरोबर येते. संदर्भ जोडायची किंवा शोधायची चौकट मात्र मागाहून उगवते. शिरगणतीची पद्धत असती, तर पहिल्या चौकटीत मराठी उमटले असते आणि दुसरीत रोमन. म्हणून इथेही श्रोता प्रत्येक चौकटीवर न बसवता पानाच्या देहावर बसवला आहे. कोणत्याही चौकटीत कर्सर गेला की तो जागा होतो आणि तिला मराठीची सोय जोडतो.

२०/
यात एक बारीक अडचण होती. कर्सर चौकटीत गेल्याची घटना, म्हणजे ‘फोकस’, क्लिकसारखी वर चढत नाही. डच विकासक पीटर-पॉल कॉख यांनी २००८ मध्ये दाखवले, की ती चढत नसली तरी उतरत्या वाटेवर पकडता येते. म्हणजे १९९७ मध्ये हरलेल्या नेटस्केपची रीत इथे कामी आली. मायक्रोसॉफ्टकडे ‘फोकसइन’ ही वर चढणारी जोडघटनाही होती, आणि जेक्वेरीने पडद्यामागे तिचा आधार घेतला. तहात दोन्ही पक्षांची कलमे जपली गेली, याचे मोल असे उशिरा कळले.

२१/
डेलिगेशनलाही मर्यादा आहेत. ज्या पूर्वजावर श्रोता बसवला, तोच पुसून नव्याने रचला गेला तर श्रोताही जातो. वाटेत कोणी घटना अडवली तर ती वर पोहोचत नाही. आणि बटणाच्या पोटातल्या चित्रावर क्लिक झाले, तर उगम म्हणून चित्राचे नाव येते. तेव्हा त्याला वेढणारे बटण शोधावे लागते. आजच्या जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी ‘क्लोजेस्ट’ ही सोय आहे. जेक्वेरीवाचूनही हे सारे चार ओळींत साधते.

२२/
व्यवस्था अनेकदा नकार देत नाही, ती नुसती ऐकत नाही. नकाराची नोंद राहते, न ऐकल्याची राहत नाही. दाबूनही गप्प राहणारे बटण पाहून वापरणाऱ्याला वाटते, आपलेच काही चुकले. मराठी लिहायला आलेल्या नवख्या संपादकापुढे रोमन अक्षरे उमटली, तर तो तक्रार करत नाही. तो निघून जातो.

२३/
म्हणून हा इतिहास केवळ तंत्राचा नाही. ३० वर्षांच्या या प्रवासाचे सार एका वाक्यात सांगता येते : आज हजर असलेल्यांची यादी करून थांबू नये, उद्या येणाऱ्यांचेही ऐकेल अशा जागी श्रोता बसवावा. आपल्यापैकी जे आज्ञावली लिहितात, त्यांनी आपल्या पानावरचे सर्वांत उशिरा उगवणारे बटण एकदा दाबून पाहावे.

धागा समाप्त. शंका असतील तर खाली जरूर विचाराव्यात.