सणाचा पक्षी रोजच्या कढईत कसा आला? टर्कीच्या खिम्याची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड लेखी स्वरूपात.

सुरुवात माझ्या घरातून करतो. गेल्या वर्षी आई-बाबा तीन महिने माझ्याकडे न्यू जर्सीत राहायला आले होते. बाबांच्या अँजिओप्लास्टीला जेमतेम वर्ष झालं होतं आणि डॉक्टरांनी मटण जवळजवळ बंदच केलं होतं. बाबा तोंडानं काही मागत नाहीत. रविवारी सकाळी फक्त विचारतात, "आज काय बेत?" आणि आपल्याला जे कळायचं ते कळतं.

मी दुकानातून टर्कीच्या खिम्याचं पाकीट आणलं. टर्की म्हणजे हेल्दी, हे तर सगळ्यांनाच माहिती! आईनं नेहमीच्या पद्धतीनं मटार घालून खिमा केला. बाबांनी दोन पाव जास्त खाल्ले. असे सहा रविवार गेले. सातव्या रविवारी आईनं चष्मा लावून पाकीट वाचलं आणि म्हणाली, "अरे, हे ८५ आणि १५ काय आहे?"

८५ टक्के मांस, १५ टक्के चरबी. मी दिवसभर ऑफिसात एरर लॉग वाचतो, पण बाबांच्या ताटात जाणारं पाकीट एकदाही वाचलं नव्हतं. त्या रात्री मी शोधायला बसलो, की 'टर्की म्हणजे हेल्दी' हे माझ्या डोक्यात भरलं कुणी? त्या शोधाची ही गोष्ट.

टर्की हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोच्या भागात लोकांनी तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच माणसाळवला होता. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला, आणि मग नावांचा जो गोंधळ सुरू झाला तो विचारू नका. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचं नाव दिलं, तर तुर्की भाषेत तो 'हिंदी' आहे, म्हणजे भारताचा! पोर्तुगीज त्याला म्हणतात 'पेरू'. भारतातही तो लवकरच पोचला. १६१२ साली मुकर्रब खानानं गोव्याहून जहांगीर बादशहासाठी हा पक्षी आणला. बादशहानं आपल्या आठवणींत त्याचं वर्णन लिहिलं आणि उस्ताद मन्सूरनं काढलेलं त्याचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. आपल्याकडे तो नवलाचा पक्षीच राहिला. अमेरिकेत मात्र तो सणाचा पक्षी झाला.

१८६३ साली, यादवी युद्ध चालू असताना, अब्राहम लिंकननं थँक्सगिव्हिंगचा राष्ट्रीय दिवस जाहीर केला. हळूहळू त्या दिवशी अख्खी टर्की भाजणं ही रीतच पडली. आता पोल्ट्रीवाल्याच्या जागी उभं राहून बघा. तुमचा माल नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तुफान खपतो आणि उरलेलं वर्ष गिऱ्हाईक फिरकत नाही. शिवाय पक्षी एवढा मोठा, की चार माणसांच्या घरात आठवडाभर संपत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरवर दोन महिने लोड आणि दहा महिने शुकशुकाट.

पहिला उपाय निघाला पक्षीच लहान करण्याचा. अमेरिकेच्या कृषी खात्यानं मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथल्या केंद्रात 'बेल्ट्सव्हिल स्मॉल व्हाइट' नावाची छोटी जात तयार केली, छोट्या कुटुंबासाठी आणि छोट्या ओव्हनसाठी. ती काही वर्षं चांगली चालली. पण पोल्ट्रीवाल्यांना आणि हॉटेलवाल्यांना मोठा पक्षीच परवडत होता. शेवटी जिंकली रुंद छातीची पांढरी टर्की. तिची छाती इतकी वाढवली गेली, की ह्या जातीचं नर-मादीचं नैसर्गिक मीलनही अवघड झालं. आज तिची पैदास कृत्रिम रेतनानं होते. स्वस्त मांसाची ही किंमत पक्ष्यानं मोजली, हेही लक्षात ठेवू या.

दुसरा उपाय होता पक्षी तोडून विकण्याचा. इथे एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं. रॉबर्ट बेकर, कॉर्नेल विद्यापीठातले प्राध्यापक. चिकन नगेटची सुरुवातीची कल्पना ह्यांचीच. कोंबडी आणि टर्की अख्खी न विकता त्यांचे रोज खाता येतील असे पदार्थ कसे करायचे, ह्यावर त्यांनी आयुष्यभर काम केलं. टर्कीच्या मांडीच्या मांसापासून हॅम, पक्ष्यांच्या मांसाचे सॉसेज असं बरंच काही. आणि पेटंटच्या मागे न लागता पद्धती छापून मोकळे! आजच्या शब्दांत ओपन सोर्सच.

छातीचं पांढरं मांस सँडविचच्या कापांसाठी उचललं जायचं. मग मांडी-तंगडीच्या गडद मांसाचं काय करायचं? त्याला खिमा हे सोपं उत्तर होतं. माल तयार होता, पण गिऱ्हाईक अजून तयार नव्हतं. ते तयार केलं भीतीनं.

१९५५ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांना हार्ट अटॅक आला आणि हृदयरोग हा घराघरातला विषय झाला. १९७७ साली सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न ह्यांच्या समितीनं देशाला आहाराचा सल्ला दिला : मांस कमी खा, पक्षी आणि मासे जास्त खा. मांस उद्योग खवळला. त्याच वर्षाच्या अखेरीस सुधारित आवृत्ती आली आणि 'मांस कमी खा'च्या जागी सॅच्युरेटेड फॅट कमी होईल असं मांस, पक्षी, मासे निवडा, अशी गुळमुळीत भाषा आली. पण लोकांनी जे ऐकायचं ते ऐकलं होतं. लाल मांस वाईट, पक्षी चांगला. १९७० साली अमेरिकेत टर्कीचा खप वर्षाला माणशी सुमारे ८ पाउंड होता, १९९०च्या दशकात तो १८ पाउंडांच्या आसपास गेला. बर्गर, टाको, मीटबॉल, चिली, सगळीकडे गाईच्या खिम्याच्या जागी टर्की आली.

आणि मग आपले लोक आले. कुणी बीफ खात नाही, कुणी पोर्क खात नाही. माझ्या रूमवर आम्ही चौघं होतो, चार घरच्या चार रीती. टर्कीचा खिमा मात्र चौघांनाही चालायचा, कारण त्याच्याबद्दल कुणाच्याच घरी नियम नव्हता!

आता माझी चूक कुठे झाली ते बघा. 'पक्षी चांगला' हे वाक्य माझ्यापर्यंत पोचलं, पण आकडा पोचला नाही. खिम्यात कातडी आणि चरबीही दळलेली असू शकते. ११२ ग्रॅम कच्च्या खिम्यात ८५/१५ असेल तर जवळपास १७ ग्रॅम चरबी, ९३/७ असेल तर ८ ग्रॅम. म्हणजे ८५/१५ टर्कीत ९३/७ बीफच्या दुप्पट चरबी! नुसतं प्राण्याचं नाव वाचून काही कळत नाही.

आम्ही ९३/७ वर आलो. पहिला खिमा कोरडा, भुश्शासारखा झाला. मग आईनं तोड काढली. कढई चांगली तापवायची, खिमा पसरून टाकायचा आणि सुटलेलं पाणी आटेपर्यंत उगाच ढवळत बसायचं नाही. कांदा नेहमीच्या दुप्पट, आलं-लसूण सढळ हातानं, शेवटी घोटलेलं दही. शिजवताना मात्र कंजुषी नको. पक्ष्याचा खिमा आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला पोचलाच पाहिजे. २०११ साली अमेरिकेत सॅल्मोनेलामुळे तब्बल ३.६ कोटी पाउंड टर्कीचा खिमा परत मागवावा लागला होता.

बाबांनी पहिला घास खाल्ला आणि म्हणाले, "मटण नाही, पण खिमा आहे." मला तेवढं पुरलं.

आता ते साताऱ्याला परत गेलेत. तिथे टर्की नाही. पण आई सांगते, हल्ली बिस्किटाचा पुडासुद्धा ते चष्मा लावून, उलटा करून वाचतात.

तुमच्या घरात 'हेल्दी आहे' म्हणून न वाचता काय येतं? आज एक पाकीट उलटून बघा आणि कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!