ग्रहणाचे ऊन आणि मधुमेह्याचा डोळा

ग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, हे आपल्याकडे शाळेत न गेलेले पोरही जाणते. ९ जुलै १९४५ रोजी युरोपात सूर्यग्रहण दिसले. तिथले महायुद्ध संपून जेमतेम दोन महिने झाले होते. जर्मनीतल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने ते नुसत्या डोळ्यांनी पाहिले आणि पडद्यावर कायमचा डाग पाडून घेतला. पडदा म्हणजे डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला जिथे चित्र उमटते ते दृष्टिपटल. त्याच्यावर उपचार करणाऱ्या हाम्बुर्गच्या तरुण डॉक्टरांचे नाव गेर्ड मायर-श्विकेराथ. तो डाग पाहून त्यांच्या मनात वेगळाच विचार आला. पडद्याला भोक पडले, तर त्या काळी डॉक्टर विजेच्या उष्णतेने भोवती चटका देत; चटक्याचा व्रण पडद्याला जागच्या जागी चिकटवून धरी. मग उन्हाने पडलेला हा डागही व्रणच नाही का? डोळ्याला बाहेरून हात न लावता, बाहुलीतून प्रकाश सोडून हवा तिथे चटका का देऊ नये?

त्यांनी दवाखान्याच्या गच्चीवर आरसे मांडले, सूर्याचा झोत आत घेतला आणि रोग्यांवर हा उपाय केला. अडचण एकच, हाम्बुर्गचे आभाळ! ढग आला की काम बंद. पुढे त्यांनी झाईस कारखान्याच्या मदतीने झेनॉन वायूचा प्रखर दिवा तयार करविला, तेव्हा सूर्याची मिनतवारी संपली.

आता यात मधुमेह कुठे आला, असे कोणी विचारील. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मधुमेह आपल्या वैद्यांना फार जुन्या काळापासून ठाऊक. मधासारखी गोड लघवी हे लक्षण त्याच्या नावातच आहे. पण त्याने डोळ्यांत काय होते ते कोणाला दिसणार? जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन जर्मनीत हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये जगापुढे ठेवले. त्यानंतर थोड्याच वर्षांत व्हिएन्नाच्या एडुआर्ट येगर यांनी मधुमेह्याच्या पडद्यावरील डागांचे वर्णन केले. मोठमोठ्या नेत्रवैद्यांनी ते मान्य केले नाही; हे डाग मधुमेहाचेच कशावरून, असा वाद पुष्कळ वर्षे चालला. वाद लांबण्याचे एक कारण दुःखाचे आहे. लहान वयात मधुमेह झालेले मूल त्या काळी फार तर दोनतीन वर्षे जगे. पडदा बिघडायला त्याहून जास्त वर्षे लागतात.

१९२२ च्या जानेवारीत कॅनडातील टोरांटो येथे लेनर्ड थॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचले आणि मरणाच्या दारातली मुले घरी परतू लागली. ती मोठी झाली, कामाधंद्याला लागली. आणि पंधरा-वीस वर्षांनी त्यांतल्या कित्येकांची नजर जाऊ लागली. आयुष्य मिळाले, पण पुढ्यात अंधार! डॉक्टर मंडळी हतबल झाली होती. ती किती, हे एका गोष्टीवरून कळेल. १९५३ मध्ये डेन्मार्कच्या डॉक्टर पौल्सेन यांनी एका मधुमेही बाईची हकीगत प्रसिद्ध केली. बाळंतपणानंतर तिच्या मेंदूच्या तळाची पीयूष ग्रंथी निकामी झाली होती, आणि तिचे डोळे मात्र सुधारले होते. झाले! डोळे वाचावेत म्हणून अनेक दवाखान्यांतून ही ग्रंथी काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. वाटाण्याएवढी ग्रंथी, पण ती गेली की माणूस जन्मभर औषधांवर. आज वाचताना अंगावर काटा येतो.

अशा वेळी तो प्रकाशाचा चटका कामी आला. मधुमेहात पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, काही बुजतात. उपाशी राहिलेला पडदा नव्या वाहिन्यांना हाक मारतो. त्या येतात, पण अगदी कच्च्या. फुटल्या की डोळ्याच्या पोकळीत रक्त उतरते. आरंभी डॉक्टर या वाहिन्याच जाळू पाहत. पण अमेरिकेत बोस्टन येथे बीथम यांना दिसले होते की, दुसऱ्या काही दुखण्याने ज्या पडद्यावर आधीच पुष्कळ व्रण असतात, तिथे मधुमेहाचा उपद्रव कमी होतो. त्यावरून १९६७ च्या सुमारास त्यांनी व एलो यांनी लेसर किरणांनी पडद्याच्या कडेच्या भागात शेकडो बारीक चटके विखरून दिले. शेतकरी बंधूंना हे सहज उमजेल. पाणी थोडे आणि रोपे दाट झाली की आपण विरळणी करतो. काही उपटतो, तेव्हा उरलेली जगतात. हीही विरळणीच. कडेची थोडी नजर आणि रात्रीचे दिसणे कमी होते, मधली नजर राहते.

पण हा सौदा खरोखर फायद्याचा, की डोळ्याची नुसती नासाडी? अमेरिकन सरकारने मोठी परीक्षा घ्यायचे ठरवले. १९७२ पासून सतराशेहून अधिक रोगी घेतले. प्रत्येकाच्या एका डोळ्याला चटके दिले, दुसरा तसाच ठेवला. कोणता, ते चिठ्ठी टाकल्यासारखे ठरले. हे वाचायला सोपे वाटते. पण आपला एक डोळा मुद्दाम उपचाराविना ठेवायला कबूल झालेली ती माणसे! वैद्यकाच्या इतिहासात डॉक्टरांची नावे राहतात, यांची नाहीत. दोन वर्षांत नजर जवळजवळ गेलेले डोळे उपचाराविना शंभरात सोळा, उपचाराने सहा. हे स्पष्ट होताच १९७६ मध्ये निकाल जाहीर करून राहिलेल्या डोळ्यांनाही उपचार खुला केला.

पुढचे थोडक्यात. साचलेले रक्त शस्त्रक्रियेने काढण्याची रीत मायामीच्या माखेमर यांनी १९७० च्या सुमारास बसवली. १९९३ साली सिद्ध झाले की साखर कसून ताब्यात ठेवली तर पडद्याचा आजार पुष्कळ टळतो; १९९८ साली तेच रक्तदाबाविषयी दिसले. आता पडद्याच्या मध्यभागी सूज असेल तर डोळ्यात इंजेक्शन देतात. गेलेली नजर लेसर सहसा परत आणत नाही. आहे ती राखतो. आणि बिघाड सुरू होतो तेव्हा डोळा दुखत नाही, दिसायलाही कमी येत नाही. म्हणून साखर असणाऱ्याला वर्षातून एकदा बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून पडदा दाखवायला सांगतात. थेंबांनी काही तास अंधुक दिसते, ऊन सहन होत नाही; परतीच्या एस. टी. साठी घरचे कोणी बरोबर असलेले बरे.