रोख मदत आणि शेतकऱ्याचें घर

या स्मरणिकेंत आपल्या धर्मग्रामाची वाढ कशी झाली व ख्रिस्तमंदिर कोणाच्या श्रमांनीं उभें राहिलें, ही हकीकत इतर लेखकांनीं दिली आहेच. आम्ही वाचकांस जरा निराळ्या वाटेनें नेऊं इच्छितों. सातारा व सांगली या जिल्ह्यांतील जीं कुटुंबें रविवारीं आपल्या शेजारीं गुडघे टेकतात, त्यांतील पुष्कळांचीं मुळें कोणत्या ना कोणत्या जिराईत गांवांत आहेत. त्या गांवांवर अवर्षणाचा घाला आला म्हणजे शेतकऱ्याच्या हातीं मदत कोणत्या रूपानें पडली, आणि ती पडल्यावर त्याच्या घरांत काय घडलें, हा इतिहास आपल्यापैकीं अनेकांच्या आजापणज्यांचाच इतिहास आहे.

प्रथम भूमीविषयीं दोन शब्द. महाबळेश्वरीं वर्षांत दोनशें इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून एका दिवसाच्या प्रवासावर असलेल्या माण, आटपाडी, जत या मुलुखांत तो वीस इंचांच्या आसपास पडतो, आणि तोही लहरीनें. कृष्णाकांठचा ऊस पाहून परतणाऱ्या पाहुण्यास हा पूर्वभाग ठाऊकच नसतो. १९४९ सालीं दक्षिण सातारा म्हणून निराळा जिल्हा झाला व १९६० त त्यास सांगली हें नांव मिळालें. पण सरहद्दीची रेघ ओढल्यानें ढग कांहीं वांटून येत नाहींत.

अशा मुलुखांत घर कसें मोडतें, हें लक्षांत घेतल्यावांचून मदतीची किंमत कळावयाची नाहीं. पाऊस चुकला कीं आधीं कणगी रिकामी होते. मग शेळी जाते, मग बायकोच्या अंगावरचा डाग जातो. त्यानंतर दावणीचा बैल. माणदेशचें खिलार जनावर नांवाजलेलें. खरसुंडीच्या यात्रेंत त्याचा बाजार भरतो. पण दुष्काळांत सारेच विकणारे असतात, म्हणून भाव बसतो. आणि पुढें मृग बरसला म्हणजे सारेच घेणारे होतात, म्हणून तोच बैल दुप्पट मोलाचा होतो. ज्यानें बैल गमावला त्याची पेरणी चुकते, व पेरणी चुकली कीं जमिनीवर कर्ज चढतें. बैल विकण्याच्या आदल्या आठवड्यांत हातीं आलेले थोडेसे रुपये हे पेरणी हुकल्यानंतर आलेल्या मोठ्या रकमेपेक्षां अधिक काम करतात. हें गणित साधें आहे. परंतु राज्यकर्त्यांस तें उमजावयास फार काळ लागला.

जुन्या काळीं त्या आदल्या आठवड्यांत दार उघडें असे तें सावकाराचें. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणब्यांनीं सावकारांचे रोखे हिसकावून जाळले. ती आग नगरकडे पसरली, आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत तेव्हांच्या सातारा जिल्ह्यांतील कोकरूड येथेंही कागद जळले. लोकांनीं माणसांपेक्षां कागदांवर हात टाकला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पुढें १८७९ त दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. सांगली, मिरज, जत, औंध हीं संस्थानें. तेथें हा कायदा नव्हता. जेथें होता तेथें सावकार सावध झाला व गहाणखताऐवजीं खरेदीखत मागूं लागला. कायद्यानें शेतकऱ्यास न्याय दिला, परंतु बियाण्यास पैसा दिला नाहीं.

तो देण्यासाठीं १८८३ व १८८४ सालच्या कायद्यांनीं तगाईची व्यवस्था केली. तगाई ही मदत खरी, पण ती कर्जच. तिला जामीन लागे, व्याज लागे, आणि थकली तर ती जमीनमहसुलाप्रमाणें वसूल होई. ज्याच्यापाशीं तारण ठेवावयास कांहीं उरलें नाहीं, त्यास तगाईचा उपयोग तो काय? त्याच्यासाठीं दुष्काळी कामें होतीं. १८७६-७८ च्या महादुष्काळांत सर रिचर्ड टेंपल यांनीं मजुरीचा दर रोजच्या एका पौंड धान्याच्या हिशोबावर आणून ठेवला, तेव्हां जानेवारी १८७७ मध्यें मुंबई इलाख्यांतील हजारों उपाशी माणसांनीं काम टाकून दिलें, व पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू घेतली. पोटास न पुरणारी मजुरी ही मदत नव्हे, हें ज्यांनीं सरकारास शिकविलें त्या मजुरांचीं नांवें कोठें लिहिलेलीं नाहींत.

आतां आमच्याच भागांत घडलेली एक गोष्ट. तिचा आम्हांस अभिमान वाटतो. तासगांव तालुक्याचे वि. स. पागे हे १९६० ते १९७८ पर्यंत विधानपरिषदेचे सभापति होते. मागेल त्यास काम व कामाचें रोख दाम, ही त्यांची कल्पना. १९६५ च्या सुमारास तासगांव तालुक्यांतच तिचा प्रयोग झाला. त्यानंतर तीन वर्षें पावसानें दगा दिला, आणि १९७२ चा दुष्काळ आला. त्याची आठवण सांगणारीं माणसें अजून आपल्यांत आहेत: मिलोची तांबडी भाकरी, कामावर मिळणारी सुकडी, पाझर तलावांची माती, आणि दिवसभर खडी फोडून हातांस पडलेले घट्टे. मे १९७३ मध्यें राज्यांत जवळजवळ पन्नास लक्ष माणसें या कामांवर होतीं, व त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती. धान्याचें उत्पन्न अर्ध्यावर आलें असतांही शंभर वर्षांपूर्वींसारखा मनुष्यसंहार झाला नाहीं. याचें एक मोठें कारण हें कीं, मजुरी मुख्यतः रोख होती. मजुराच्या कनवटीला पैसा आला म्हणून बाजारचा व्यापारी धान्य घेऊन आला; पैसा नसता तर तो कशास येता? जिल्हाबंदी, प्रांतबंदी असूनही धान्य वाट काढीत आलें. १९७७ त या योजनेचा कायदा झाला, आणि २००५ त सबंध देशानें तसाच कायदा केला.

तरी तीही फुकट मदत नव्हती, व म्हाताऱ्यास, आजाऱ्यास, ओल्या बाळंतिणीस खडी फोडवत नाहीं. बदल्यांत कांहीं न मागतां थेट पैसा देण्याची रीत आमच्याकडे अलीकडची. ऑगस्ट २०१९ त कृष्णा व वारणा या नद्यांनीं सांगलीकडचीं गांवें बुडविलीं, तेव्हां ग्रामीण कुटुंबास १०,००० व शहरी कुटुंबास १५,००० रुपये देण्याचें ठरलें, आणि त्यांतील ५,००० हातांत रोख द्यावे असें झालें. त्याबरोबर दहा-दहा किलो गहूं व तांदूळही होते. गहूं वाईट नव्हे. पण ज्या गांवांत वीज नाहीं तेथें पिठाची गिरणी कशी फिरणार? रोख पैशानें मात्र कोणीं औषध घेतलें, कोणीं चूल, कोणीं मुलाच्या वह्या. आपणही दान देतांना नोट देण्यास कचरतों व जुने कपडे आनंदानें देतों, हें येथें सहज आठवलें.

त्याच वर्षीं फेब्रुवारींत केंद्र सरकारची शेतकरी सन्मान निधि योजना सुरू झाली होती: वर्षास ६,००० रुपये, तीन हप्त्यांनीं, थेट बँकेच्या खात्यांत. २०२३ त राज्य सरकारनें तितकीच भर घातली. दोन हजारांत काय येतें, असें कोणी हंसून विचारील. २०२२ सालच्या भावानें डी.ए.पी. चें एक पोतें १,३५० रुपयांस व युरियाचीं दोन पोतीं सुमारें ५३३ रुपयांस. दोन हजारांतून सवाशेंच्या आंत शिल्लक राहते. दोन एकरांच्या जिराईत धन्यास तेवढ्यानें पेरणीच्या वेळीं दुकानदाराच्या उधारीच्या वहींत नांव लिहावें लागत नाहीं. शेत पिकत नाहीं, पण वही कोरी राहते, आणि सुगीच्या दिवशीं माल त्याच दुकानदारास पडेल भावानें देण्याची सक्ती टळते.

फुकटचा पैसा दारूंत जातो, ही तक्रार आम्हींही ऐकली आहे. एखाद्या घरीं तसें होत असेलही; दारुड्यास मजुरीचा पैसाही पुरत नाहीं. पण जेथें जेथें नीट पाहणी झाली तेथें हें सरसकट खरें ठरलें नाहीं. २०११-१२ त मध्य प्रदेशांत सेवा या स्त्रियांच्या संघटनेनें आठ गांवांत प्रत्येक प्रौढास दरमहा आधीं २०० व मग ३०० रुपये दिले. तेथें जनावरें वाढलीं, बियाण्यावर खर्च वाढला, कर्ज कमी झालें. आफ्रिकेंतील केनिया देशांत अशीच रक्कम मिळालेल्या घरांनीं दारू-तंबाखूवर अधिक खर्च केला नाहीं. गुरें घेतलीं व छपरावर पत्रे घातले.

आमचें दुःख निराळें आहे. सावकाराच्या दारीं रोखा लागे, तगाईस तारण लागे, आणि या निधीस सातबारा लागतो. तोही १ फेब्रुवारी २०१९ पूर्वीं नांवावर झालेला. दुसऱ्याची जमीन वाट्यानें कसणाऱ्याचें नांव त्यावर नसतें. नवऱ्यामागें शेत राखणाऱ्या विधवेचें नांव पुष्कळदां दिराच्या नांवाखालीं दडलेलें असतें. जुलै २०२४ पासून राज्यानें गरीब घरांतील स्त्रियांस दरमहा १,५०० रुपये सुरू केले, त्यास जमीन लागली नाहीं. तेवढें एक दार किलकिलें झालें. परंतु घामानें शेती करूनही शेतकरी म्हणून ज्याची नोंद नाहीं, तो शेतकऱ्याच्या निधीबाहेरच राहिला.

त्याच्यासाठीं दुसरी रोकड तयार असते. जत, आटपाडी, माण या भागांत पावसाळ्यांत ऊसतोडीचे मुकादम येतात व उचल देतात. शेजारच्या घरीं दोन हजारांचा हप्ता जमा झाल्याचा निरोप फोनवर येतो, त्याच सुमारास भूमिहीन जोडप्याच्या हातांत उचलीच्या नोटा पडतात. नोटा त्याच, आणि रक्कम हप्त्याहून कितीतरी मोठी. मुकादमाच्या वहींत नवराबायको मिळून एक कोयता अशी नोंद होते. दसरा झाला कीं तो कोयता मुलांसह गाडींत बसतो, व उचल फिटेपर्यंत कृष्णाकांठच्या उसांत राहतो.