कराची ते जुहू : सव्वासात तास

कराची आणि मुंबई या दोन विमानतळांमधलं सरळ अंतर सुमारे ८८० किलोमीटर. मुंबईहून दिल्लीसुद्धा याहून लांब आहे. जेट विमानाला दीड तास पुरे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी याच प्रवासाला सव्वासात तास लागले होते. सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. टाटांनी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून एका इंजिनाचं पुस मॉथ विमान उडवलं. प्रवासी कुणी नव्हते. सोबत होत्या टपालाच्या थैल्या, वजन पंचवीसेक किलो. लंडनचं टपाल इम्पीरियल एअरवेजच्या विमानानं १९२९ पासून कराचीपर्यंत येत होतं. तिथून ते दक्षिणेकडे लवकर पोचवायचं होतं. वाटेत अहमदाबादला उतरून पेट्रोल भरलं. पेट्रोलचे डबे विमानापाशी आले ते बैलगाडीतून! दुपारी दोनच्या आत विमान जुहूला उतरलं आणि पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. जुहूचा तळ म्हणजे तेव्हा नुसतं मैदान. पावसाळ्यात ते पाण्याखाली गेलं, की मुक्काम पुण्याला हलवावा लागे.

एक गोष्ट आपण विसरतो. त्या दिवशी कराची आणि मुंबई एकाच इलाख्यात होत्या. सिंध वेगळा प्रांत झाला तो १९३६ साली. कराचीतली एक जुनी नामांकित शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावानं ओळखली जाते.

फाळणीनंतर या मार्गाचा वेग यंत्रावर अवलंबून राहिला नाही. संसदेवरच्या हल्ल्यानंतर, २००२ च्या सुरुवातीला दोन्ही देशांमधली विमानं बंद झाली, ती २००४ मध्ये सुरू झाली. माझी फुफी लग्न होऊन कराचीला गेलेली. ती वारल्याचा फोन आला तो नेमका या बंदीच्या काळात. अब्बांनी मला एवढंच विचारलं, ‘‘पोचायला किती वेळ लागेल रे?’’ नकाशा समोर होता. अंतर सांगता येत होतं, वेळ सांगता येत नव्हती. व्हिसाचा तर प्रश्नच वेगळा. अब्बांनी इथेच फातेहा पढली.

पुढे पाकिस्तानी कंपनीची मुंबई-कराची सेवा २०१५ साली थांबली. त्यानंतर ज्याच्या हाती व्हिसा, त्यानं दुबईमार्गे जायचं : मुंबई ते दुबई एकोणीसशेहून अधिक किलोमीटर, दुबईहून उलटं कराचीला आणखी जवळपास बाराशे. म्हणजे साडेतीन पट अंतर, आणि मधला मुक्काम धरला तर पुस मॉथपेक्षा जास्त वेळ.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. मे महिन्यात भारतानं पाकिस्तानातून येणारं टपालही थांबवलं, हवाई मार्गाचं आणि जमिनीवरचंही.