वाळू, टायर आणि पेट्रोल : लिबियन वाळवंटातील मोटारप्रवासाचा एक धडा

मोटारीला मोठे टायर बसविले की पेट्रोल अधिक जळते, हा वाहनचालकांचा सर्वसाधारण अनुभव आहे आणि पक्क्या सडकेपुरता तो यथार्थही आहे. मोठा टायर जड असतो व त्याला गती देण्यास अधिक ऊर्जा लागते. त्याचे जाड, खाचेदार रबर दबताना व पुन्हा उसळताना काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने नष्ट होते. वाहनाची उंची वाढल्यामुळे हवेचा विरोधही वाढतो. परंतु सडक संपल्यावर हा निष्कर्ष कितपत टिकतो, या प्रश्नाचे उत्तर १९२९ ते १९४२ या काळातील लिबियन वाळवंटाच्या इतिहासात सापडते.

ब्रिटिश सैन्यातील अधिकारी राल्फ बॅगनॉल्ड यांनी १९२९, १९३० व १९३२ साली फोर्ड मोटारी घेऊन या वाळवंटात प्रदीर्घ प्रवास केले. मऊ वाळूत शिरण्यापूर्वी टायरांतील हवा कमी करावयाची आणि कठीण जमीन लागताच ती पुन्हा भरावयाची, ही रीत त्यांच्या अनुभवातून पक्की झाली. तिच्यामागील गणित सोपे आहे. एका चाकावर १,५०० पौंडांचा भार असून हवेचा दाब दर चौरस इंचास ३० पौंड असेल, तर टायरचा सुमारे ५० चौरस इंच भाग जमिनीला टेकतो. दाब १५ पौंडांवर आणला की तो भाग सुमारे दुप्पट होतो आणि चाक कमी रुतते. लहान टायर इतक्या कमी दाबावर हा भार सोसू शकत नाही. अधिक हवा मावणारा मोठा टायर सोसतो. मोठ्या टायरचे खरे महत्त्व या गुणात आहे.

जून १९४० मध्ये इटलीने युद्धात उडी घेतल्यावर बॅगनॉल्ड यांच्या पुढाकाराने कैरो येथे ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ ही तुकडी उभी राहिली. शत्रूच्या पिछाडीस शेकडो मैल जाणाऱ्या या पथकांना पाणी, अन्न, दारूगोळा व पेट्रोल बरोबरच न्यावे लागे. पेट्रोल अधिक घेतले की भार वाढे आणि वाढलेला भार आणखी पेट्रोल खाई. जानेवारी १९४१ मधील मुर्झुकवरील छाप्याच्या वेळी तर चाडमधील फ्रेंचांनी तिबेस्तीच्या डोंगरांतून उंटांवर लादून पेट्रोल पुरविले, तेव्हा ती मोहीम शक्य झाली.

तुकडीचे आरंभीचे बहुतेक ट्रक ३० हंड्रेडवेटचे शेव्हरलेट होते. त्यांची केवळ मागील चाके इंजिनाच्या बळाने फिरत. १९४१ मध्ये त्यांच्या जागी चारही चाकांना बळ देणारे फोर्ड ट्रक आले. कागदावर ही सुधारणा होती. प्रत्यक्षात हे जड ट्रक सुमारे दुप्पट पेट्रोल जाळीत आणि पथकाचा पल्ला त्या मानाने घटे. मार्च १९४२ पासून तुकडीसाठी खास मागविलेले, दोन चाकांच्या बळावर चालणारे कॅनेडियन शेव्हरलेट पुन्हा रुजू झाले. हलके वाहन, रुंद टायर व कुशल चालक ही त्रयी अधिक काटकसरीची ठरली.

येथे मोजमापातील एक दोषही लक्षात घेतला पाहिजे. अंतरमापक चाकाचे फेरे मोजतो, मैल नव्हे. ३० इंच व्यासाच्या चाकाऐवजी ३३ इंचांचे चाक बसविल्यास ११० मैलांची वाटचाल १०० मैल म्हणून नोंदली जाते आणि खर्च वाढला नसतानाही वाढल्यासारखा दिसतो. सडकेवर ही केवळ हिशेबातील चूक होय. वाळवंटात मात्र दिशा बॅगनॉल्ड यांच्या सूर्यहोकायंत्रावरून व अंतर या मापकावरून ठरविले जाई. म्हणून तेथे चाकाच्या घेराची चूक पथकाला पाण्यापासून दूर नेऊ शकत होती.

या अनुभवामागील तत्त्वाची पद्धतशीर मांडणी एम. जी. बेकर यांच्या १९५६ सालच्या ‘थिअरी ऑफ लँड लोकोमोशन’ या ग्रंथात आढळते. चाक रुतते तेव्हा इंजिनाची बरीच शक्ती माती दाबून चाकोरी पाडण्यात खर्च होते. चाकोरी जितकी खोल, तितका हा खर्च मोठा. शिवाय टेकणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ समान असले, तरी तो आखूड व रुंद असण्यापेक्षा लांब व अरुंद असल्यास हा विरोध कमी होतो. मोठ्या व्यासाच्या चाकाचा लाभ यावरून स्पष्ट होतो.

तात्पर्य, इंधनाची काटकसर हा एकट्या टायरचा गुण नव्हे. तो टायर, भार व भूमी यांच्या परस्परसंबंधाचा परिणाम आहे. सडकेवर पेट्रोल उधळणारा मोठा टायर वाळूत तेच पेट्रोल वाचवू शकतो. सडकेवरील आकड्यांनी वाळवंटाचा निर्णय करणे जितके चुकीचे, तितकेच वाळवंटाच्या कीर्तीवर भाळून शहरातील वाहनाला तसे टायर चढविणेही चुकीचे होय.