डोळ्यांनीं पाहिलेला पुरावा

‘साक्षी’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ प्रत्यक्ष पाहणारा. एकट्याच्या पाहण्यावर सर्व भार पडूं नये म्हणून मनु व याज्ञवल्क्य ह्यांनीं सामान्यतः निदान तीन साक्षी असावे असें सांगितलें. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें संख्येची अट ठेविली नाहीं. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमानें घेतली, तरी हा नियम कायम राहिला. साक्षीदार किती, ह्यापेक्षां तो विश्वसनीय किती, हें न्यायाधीशानें तोलावयाचें.

हें तोलणें किती बिकट असतें, ह्याचें उदाहरण मीरा-भाईंदरच्या दारींच घडलें. ११ जुलै २००६ रोजीं संध्याकाळीं पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांत अवघ्या ११ मिनिटांत ७ स्फोट झाले. त्यांपैकीं एक मीरा रोड व भाईंदर ह्या स्थानकांच्या दरम्यान. १८९ माणसें प्राणांस मुकलीं, ८०० हून अधिक जखमी झालीं. २०१५ सालीं विशेष न्यायालयानें १२ जणांस दोषी ठरवून ५ जणांस फांशीची व ७ जणांस जन्मठेपेची शिक्षा दिली.

२१ जुलै २०२५ रोजीं मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति अनिल किलोर व श्याम चांडक ह्यांनीं त्या सर्वांस निर्दोष ठरविलें. कबुलीजबाब व हस्तगत वस्तु ह्यांचा पुरावा टिकला नाहीं, आणि प्रत्यक्षदर्शींचाही टिकला नाहीं. आरोपींस चर्चगेटकडे नेल्याचें सांगणारे टॅक्सीचालक १०० हून अधिक दिवसांनीं पोलिसांपुढें आले होते. नित्य नवे उतारू नेणाऱ्यास एक चेहरा इतक्या दिवसांनीं कां आठवावा, ह्याचें समाधानकारक कारण न्यायालयास दिसलें नाहीं. शिवाय ओळख परेड घेणाऱ्या अधिकाऱ्यास तो अधिकारच नव्हता, असें आढळलें.

अशा साक्षीदारास लबाडच मानावें असें नव्हे. अमेरिकेंत एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर ह्यांनीं १९७४ सालीं मोटारींच्या टकरीचें चित्रण लोकांस दाखविलें. प्रश्नांतील एक क्रियापद अधिक जोरकस घालतांच लोक वेग अधिक सांगूं लागले. आठवड्यानंतर कित्येकांस, मुळांत न फुटलेली कांचही फुटलेली आठवली. प्रामाणिक मनुष्याची स्मृतिही अशी नकळत बदलते.

२४ जुलै २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हा निकाल अन्य खटल्यांत आधार म्हणून घेऊं नये असें सांगितलें. मात्र सुटलेल्यांस पुन्हां तुरुंगांत धाडलें नाहीं. बारांपैकीं एक जण २०२१ सालीं कैदेंतच वारला होता. मृतांचे आप्त १९ वर्षांनीं पुन्हां पहिल्याच प्रश्नापाशीं येऊन उभे राहिले. दूध वेळीं तापविलें नाहीं तर नासतें. साक्षही पहिल्या दिवसांतच, नियमानें व निःपक्षपातानें, टिपून ठेवावी लागते.