छायाचित्रातील यंत्रांची साक्ष

इतिहासाच्या साधनांत छायाचित्राला मोठा मान आहे. ताम्रपट बनावट असू शकतो, बखरीत अतिशयोक्ती असू शकते. पण छायाचित्र खोटे कसे बोलेल, अशी सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत अर्धीच खरी आहे. चित्रात जे उमटले ते बहुधा घडलेलेच असते. परंतु त्याच्या खाली किंवा पाठीवर जी ओळ असते, ती कॅमेऱ्याने लिहिलेली नसते. ती माणसाने लिहिलेली असते, आणि पुष्कळदा प्रसंगानंतर कित्येक वर्षांनी, केवळ आठवणीच्या आधारे. अशा वेळी चित्राच्या एखाद्या कोपऱ्यात उभी असलेली मोटारगाडी किंवा विमान हा मोलाचा साक्षीदार ठरतो.

यंत्राला ही योग्यता येते ती त्याच्या घडणीमुळे. कारखाना आपल्या मालात वेळोवेळी फरक करतो आणि त्या फरकांची नोंद राहते. फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' ही गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत निघत होती. वरवर पाहता ती सारी वर्षे एकसारखीच वाटते. तथापि तिच्या तोंडाशी असलेल्या रेडिएटरचे कवच १९१६ च्या नमुन्यापर्यंत चकचकीत पितळेचे होते. १९१७ च्या नमुन्यापासून ते काळ्या रंगाचे झाले. तेव्हा अशा काळ्या कवचाच्या गाडीशेजारी उभ्या असलेल्या वऱ्हाडाचे चित्र १९१० चे म्हणून कोणी दाखवू लागला, तर ते मान्य करता येणार नाही.

येथे एक विवेक मात्र राखावा लागतो. गाडी दहा-पंधरा वर्षे सहज वापरात राहते. म्हणून पितळी कवच दिसले की चित्र १९१६ पूर्वीचेच, असा उलट निष्कर्ष निघत नाही. यंत्र सांगते ते एवढेच, की चित्र अमुक सालापूर्वीचे असणे शक्य नाही. ही मर्यादा ओळखूनच त्याची साक्ष घेतली पाहिजे. गाडीचा क्रमांक उलटा दिसत असेल, तर चित्रच उलटे छापले गेले आहे, हेही तिच्याकडूनच कळते.

जगातील एका नामांकित छायाचित्राची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. फ्रान्समधील जाक आंरी लार्तिग या तरुणाने शर्यतीतील एक धावती मोटार टिपली. त्याच्या कॅमेऱ्यातील झडपेची फट चित्रावरून क्रमाक्रमाने सरकत असे, आणि गाडीचा पाठलाग करीत त्याने कॅमेराही फिरविला. परिणामी गाडीचे चाक लंबवर्तुळाकार होऊन पुढे झुकले आणि रस्त्याकडेचे प्रेक्षक मागे कलले. वेगाचे मूर्तिमंत रूप म्हणून पुढे त्या चित्राची वाहवा झाली. त्याखाली ओळ असे ती अशी, की १९१२ सालच्या फ्रेंच ग्रांप्री शर्यतीतील ही डेलाज कंपनीची गाडी.

मोटार-शर्यतींच्या अभ्यासकांनी मात्र गाडीवर रंगविलेला ६ हा आकडा पाहिला आणि शर्यतींच्या याद्या उघडल्या. १९१२ साली दिएप येथे झालेल्या त्या शर्यतीत डेलाज कंपनीने भागच घेतला नव्हता. ६ क्रमांकाची ती गाडी थेओडोर श्नायडर या लहानशा कारखान्याची होती; चालक होता रने क्रोके, आणि शर्यत होती १९१३ साली आमियां येथे झालेली. चित्राच्या सौंदर्यात याने काही उणे आले नाही. पण ज्या कारखान्याने गाडी घडविली आणि ज्या चालकाने ती हाकली, त्या दोघांचे श्रेय कित्येक वर्षे एका अधिक प्रसिद्ध नावाच्या पदरात पडले होते, ते परत मिळाले.

स्मृतीचा हा स्वभावच आहे. ती प्रसिद्ध नावाकडे आणि आद्य तिथीकडे ओढ घेते. भारतीय विमानवाहतुकीच्या प्रारंभाशी निगडित असलेल्या चित्रांबाबतही हे ध्यानात ठेवणे अवश्य आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादमार्गे, मुंबईच्या जुहू येथे विमान उतरविले. ते विमान डी हॅविलंड कंपनीचे 'पुस मॉथ' होते. पुढे बरोबर पन्नास वर्षांनी, १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी त्याच मार्गाने पुन्हा उड्डाण केले. पण त्या वेळचे विमान होते 'लेपर्ड मॉथ'.

दोन्ही विमाने एकाच घराण्यातली, दोन्हींना पंखांची एकच जोडी, ती डोक्यावर बसविलेली. साध्या नजरेला भेद कळू नये इतके साम्य. तरीही चाकांकडे पाहिले की उलगडा होतो. 'पुस मॉथ'च्या चाकापासून निघालेला लांब दांडा वर थेट पंखाच्या मुळाशी जातो. 'लेपर्ड मॉथ'मध्ये तो पुढे, एंजिनामागच्या भिंतीपाशी जोडलेला असतो. शिवाय 'लेपर्ड मॉथ'चे पहिले उड्डाणच मुळी १९३३ च्या मे महिन्यात झाले. तेव्हा 'लेपर्ड मॉथ'च्या चित्राखाली १९३२ हा आकडा पडला, तर तो चुकीचा, हे निःशंक सांगता येते.

एवढ्याशा दांड्यासाठी इतकी चिकित्सा कशाला, असे कोणी विचारील. उत्तर असे, की १९८२ चे उड्डाण ही कृतज्ञतेची आठवण होती, तर १९३२ चे उड्डाण ही प्रत्यक्ष घटना होती. आठवणीचे चित्र घटनेच्या जागी बसले, की घटनेतील इतर माणसेही नजरेआड होतात. त्या दिवसाचे टपाल मुंबईला थांबले नाही. नेव्हिल व्हिंटसेंट या वैमानिकाने ते पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. हे नाव आज किती जणांच्या ओठांवर आहे?

इतिहासाचार्य राजवाडे यांनी महाराष्ट्राला अस्सल कागदाचा आग्रह शिकविला. कागद, वळण, शिक्का आणि तिथी यांचा मेळ बसल्यावाचून दप्तरातील पत्र ग्राह्य धरू नये, हा दंडक आता छायाचित्रांनाही लावायला हवा. मात्र जुनी ओळ चुकीची ठरली म्हणून ती खोडू नये. तीही एका पिढीची समजूत सांगते. तिच्याशेजारी नवा निर्णय, त्याचे कारण आणि तो दिल्याची तारीख नोंदवावी. म्हणजे पुढच्या संशोधकाला आपला निर्णयही तपासून पाहता येईल.